नेत्रतज्ज्ञांसाठी ऑनलाइन सीएमई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या नेत्रतज्ज्ञांसाठी आहे. सीएमई म्हणजे निरंतर वैद्यकीय शिक्षण. नोंदणीच्या नूतनीकरणाला त्याचे जे पॉइंट लागतात, पहिले काही प्रश्न त्यांचे आहेत, कारण तेच सर्वांत जास्त येतात. आमच्या मते खरा जीव सातव्या प्रश्नापासून पुढे आहे. वेबिनार संपल्यावर दुसऱ्या दिवशी ओपीडीत काय बदलायचं, हे तिथे आहे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल, आणि जिथे दोन प्रश्न एकमेकांत गुंततात तिथे क्रमांक दिला आहे.

१. ऑनलाइन सीएमई म्हणजे नक्की काय धरायचं? यूट्यूबवर फेकोचे (मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे) व्हिडिओ बघितले तर ते चालतात का?

शिकायला चालतात, पॉइंटला नाही. ऑनलाइन शिक्षणाचे ढोबळ तीन प्रकार आहेत. पहिला थेट वेबिनार, जिथे हजेरी लागते. दुसरा टप्प्याटप्प्याचा कोर्स, ज्याच्या शेवटी चाचणी आणि प्रमाणपत्र असतं. तिसरा नुसता व्हिडिओंचा साठा. पॉइंट मिळण्यासाठी त्या कार्यक्रमाला कौन्सिलची आधी मान्यता असावी लागते आणि तुमची हजेरी सिद्ध व्हावी लागते. साठ्यातल्या व्हिडिओंना या दोन्ही गोष्टी नसतात.

२. महाराष्ट्रात किती पॉइंट लागतात?

पाच वर्षांत ३०, म्हणजे सरासरी वर्षाला ६. नोंदणीचं नूतनीकरणही पाच वर्षांनीच होतं. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचार नियमांत पाच वर्षांत किमान ३० तास निरंतर वैद्यकीय शिक्षण घ्यावं असं म्हटलं आहे. तास आणि पॉइंट मात्र एकच नव्हेत. किती तासांच्या कार्यक्रमाला किती पॉइंट हे मान्यतापत्रावर लिहिलेलं असतं, ते आपण तासांवरून मोजायचं नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२३ चे नवे नियम व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अजूनही फिरत असतात. ते २ ऑगस्ट २०२३ ला निघाले आणि २३ ऑगस्टला स्थगित झाले. त्यानंतर २००२ चेच नियम पुन्हा लागू झाले. ती पीडीएफ हातात घेऊन हिशेब मांडू नका.

३. या वेबिनारला पॉइंट आहेत की नाहीत, हे आधीच कसं ओळखायचं?

निमंत्रणावर तीन गोष्टी शोधा : कोणत्या कौन्सिलची मान्यता, मान्यता क्रमांक आणि पॉइंटची संख्या. ‘पॉइंटसाठी अर्ज केला आहे’ असं लिहिलं असेल तर आजच्या तारखेला पॉइंट नाहीत असंच समजा. नुसतं ‘मान्यताप्राप्त’ लिहून कोणाची मान्यता ते सांगितलं नसेल तर आयोजकांना मेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

दुसऱ्या राज्याच्या कौन्सिलची मान्यता असेल, तर ते पॉइंट आपल्या खात्यात धरले जातील का हे नाव नोंदवण्याआधी विचारून घ्या. गोव्यात नोंदणी असलेल्यांनी गोवा मेडिकल कौन्सिलचे नियम पाहावेत. ऑनलाइन पॉइंट किती प्रमाणात धरायचे याचे नियम कौन्सिलनुसार वेगळे असतात आणि परिपत्रकांनी बदलतात. म्हणून तीसच्या तीस ऑनलाइनवर ठेवू नका. महाराष्ट्र ऑप्थॅल्मोलॉजिकल सोसायटीची वार्षिक परिषद, मुंबईत बॉम्बे ऑप्थॅल्मोलॉजिस्ट्स असोसिएशन, पुण्यात पूना ऑप्थॅल्मोलॉजिकल सोसायटी यांच्या प्रत्यक्ष कार्यक्रमांतून काही वाटा दरवर्षी भरून ठेवावा.

४. पूर्ण दोन तास बसलो, तरी पॉइंट जमा झाले नाहीत. असं का होतं?

बहुतेक वेळा कारण नावात असतं. हजेरीची यादी सॉफ्टवेअर काढतं. तुम्ही मोबाइलवरून आलात आणि स्क्रीनवर तुमच्या नावाऐवजी मोबाइलचं मॉडेल दिसत होतं, तर यादीत डॉक्टर नाही, मोबाइल हजर असतो. लिंकवर जाताच नाव बदलून घ्या. कौन्सिलच्या प्रमाणपत्रावर आहे तसं पूर्ण नाव आणि पुढे नोंदणी क्रमांक लिहा.

आपल्याकडे हा घोळ स्त्री डॉक्टरांच्या बाबतीत फार होतो. नोंदणी माहेरच्या नावाने, पदव्युत्तर पदवी सासरच्या नावाने, ईमेलवर तिसरंच रूप. आडनाव आधी की नंतर, मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, यावरूनही जुळणी चुकते. कौन्सिलकडे नाव बदलून घेतलेलं नसेल, तर वेबिनारला जुनंच नाव वापरा. नोंदणी क्रमांकात एक आकडा इकडचा तिकडे झाला तर पॉइंट दुसऱ्याच डॉक्टरच्या नावावर जाऊ शकतात.

बाकीची कारणं अशी. एका लॅपटॉपसमोर तिघे बसले, पण हजेरी लॉगिन केलेल्या एकाचीच लागली. नेट तुटलं आणि परत येताना वेगळ्या नावाने आलात, त्यामुळे वेळ दोन तुकड्यांत विभागला गेला. मध्येच आलेली मतचाचणी किंवा शेवटचा अभिप्राय फॉर्म भरायचा राहिला. पेशंट आला म्हणून तुम्ही उठलात आणि तेवढ्यात फॉर्मची लिंक येऊन बंद झाली, हे तर हमखास घडतं.

वेबिनार संपताना आपलं नाव आणि वेळ दिसेल असा एक स्क्रीनशॉट काढून ठेवा. पॉइंट दिसले नाहीत तर आधी आयोजकांकडे जा, कौन्सिलकडे नाही, कारण यादी आयोजकच पाठवतात. महिनाभरात पाठपुरावा केला तर दुरुस्ती होते. चार वर्षांनी विचारलं, तर ती यादी कोणाकडेच नसते.

५. परदेशी संस्थांची प्रमाणपत्रं इथे धरतात का?

आपोआप नाही. अमेरिकेतली ‘एएमए पीआरए कॅटेगरी १’ ही तिथली पद्धत आहे, युरोपात ‘ईएसीसीएमई’ आहे. प्रमाणपत्रावर यांचा शिक्का असला तरी तो आपल्या कौन्सिलच्या मान्यतेच्या जागी येत नाही. तरी प्रमाणपत्र फाइलला लावा. फेलोशिपचा किंवा नोकरीचा अर्ज करताना ते कामाला येतं. दुबईत किंवा लंडनमध्ये काम करणाऱ्या आणि महाराष्ट्रातली नोंदणी चालू ठेवणाऱ्या डॉक्टरांना दोन हिशेब वेगवेगळे सांभाळावे लागतात : तिथले पॉइंट तिथे, इथले इथे.

वेळेचा एक कायमचा घोळही इथेच सांगतो. न्यूयॉर्कच्या सकाळचे ८ म्हणजे त्यांच्या उन्हाळी वेळेत आपल्याकडे संध्याकाळचे ५:३० आणि हिवाळ्यात ६:३०. हा बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. त्या आठवड्यांत वेळ दोनदा तपासा.

६. फुकट आणि दर्जेदार शिक्षण कुठे मिळेल?

सुरुवात ऑर्बिस या संस्थेच्या ‘सायबरसाइट’पासून करा. थेट वेबिनार, रेकॉर्डिंग, चाचणीसह कोर्स आणि प्रमाणपत्र, सगळं विनामूल्य आहे. त्यातला सर्वांत मोलाचा भाग बऱ्याच जणांना माहीतच नसतो. आपल्या अवघड केसचे फोटो आणि माहिती तिथे चढवून त्या विषयातल्या तज्ज्ञांचा सल्ला मागता येतो. तालुक्याला एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्यासाठी हे दहा व्याख्यानांपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या नेत्र-आरोग्य केंद्राचे मुक्त कोर्स आहेत. मधुमेही रेटिनोपथी, काचबिंदू आणि आरओपीचे (अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या रेटिनाच्या आजाराचे) कार्यक्रम कसे उभारायचे, यावर त्यांचा भर असतो. त्यांचं ‘कम्युनिटी आय हेल्थ जर्नल’ही फुकट वाचता येतं आणि त्याची भाषा सोपी आहे. पटकन संदर्भ पाहायचा असेल तर अमेरिकन अकादमी ऑफ ऑप्थॅल्मोलॉजीचं ‘आयविकी’ आहे. ऑल इंडिया ऑप्थॅल्मोलॉजिकल सोसायटीचं ‘इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मोलॉजी’ नेटवर मोफत उघडतं आणि आपल्याकडच्या पेशंटवरचे अभ्यास त्यात सापडतात. अरविंद, एल. व्ही. प्रसाद आणि शंकर नेत्रालय या तिन्ही संस्थांची शिकवण्याची परंपरा मोठी आहे, त्यांचे ऑनलाइन कार्यक्रम नजरेखाली ठेवा.

७. परदेशी कोर्समध्ये शिकवलेलं आपल्याकडे जसंच्या तसं लावायचं का?

नाही, आणि काही ठिकाणी तसं केलं तर मूल आंधळं होऊ शकतं. आरओपीचंच बघा. अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांनुसार जन्मवजन १५०० ग्रॅम किंवा कमी, अथवा ३० आठवडे किंवा त्याआधी जन्म, अशी बाळं तपासतात. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या सूचनांत २००० ग्रॅमपेक्षा कमी वजन किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्म अशी मर्यादा आहे. ३४ ते ३६ आठवड्यांच्या बाळाला धोक्याची कारणं असतील तर तेही तपासायचं. कारण साधं आहे. जिथे ऑक्सिजन मोजूनमापून दिला जात नाही, तिथे वजनाने मोठ्या बाळांनाही आरओपी होतो. १७०० ग्रॅमचं बाळ अमेरिकन कोर्सच्या चाचणीत ‘तपासणी नको’ या उत्तरात बसतं. नाशिकच्या किंवा लातूरच्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) त्याच बाळाची पहिली तपासणी तिसाव्या दिवसाच्या आत झालीच पाहिजे. २८ आठवड्यांपूर्वी जन्मलेलं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर दोन-तीन आठवड्यांतच.

दुसरं उदाहरण बुबुळाच्या जखमेचं. तिकडच्या कोर्समध्ये कॉर्नियल अल्सर म्हटलं की कॉन्टॅक्ट लेन्स आणि जंतू. आपल्याकडे उसाचं पात लागलेला, मळणीत कुसळ गेलेला शेतकरी येतो, आणि त्याच्या डोळ्यात बुरशी असण्याची शक्यता मोठी असते. खरवडून १० टक्के केओएचची (पोटॅशियम हायड्रॉक्साइडची, बुरशी दाखवणारी) स्लाइड बघायला काही मिनिटं लागतात. ती न बघता स्टिरॉइड सुरू झालं की बुबुळ गळतं. औषधाच्या बाबतीत २०१३ साली प्रसिद्ध झालेला ‘मट’ अभ्यास लक्षात ठेवा. त्यातले पेशंट मुख्यतः दक्षिण भारतातले होते. तंतुमय बुरशीत, विशेषतः फ्युझेरियममध्ये, नाटामायसिन हे व्होरिकोनॅझोलच्या थेंबांपेक्षा सरस ठरलं.

८. तीन-चार वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग बघितलं तर काही बिघडतं का?

शस्त्रक्रियेचं तंत्र असेल तर सहसा नाही. डोस, तपासणीचं वेळापत्रक आणि पहिल्या पसंतीचं औषध यांबाबत मात्र बिघडतं. रेकॉर्डिंग कधी चढवलं ती तारीख फसवी असते. व्याख्यान केव्हा दिलं गेलं आणि स्लाइडवरचा सर्वांत नवा संदर्भ कोणत्या वर्षाचा आहे, हे बघा.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचं उदाहरण घ्या. संधिवातासाठी दिलं जाणारं हे औषध जास्त झालं तर रेटिनाला इजा करतं. अमेरिकन अकादमीच्या २०११ च्या सूचनेत आदर्श वजनावर किलोमागे ६.५ मिलिग्रॅम अशी मर्यादा होती. २०१६ मध्ये ती प्रत्यक्ष वजनावर किलोमागे ५ मिलिग्रॅम झाली. आता ५० किलोची संधिवाताची पेशंट समोर आहे. तिची मर्यादा दिवसाला २५० मिलिग्रॅम. तिला २०० ची गोळी दोन वेळा चालू असेल, तर ती किलोमागे ८ मिलिग्रॅम घेते आहे. आठवड्याला १७५० मिलिग्रॅमच्या आत राहायचं तर २०० च्या आठच गोळ्या बसतात : रोज एक आणि एका दिवशी दोन. डोस परस्पर बदलू नका, संधिवाततज्ज्ञाला वजनासह पत्र लिहा. पहिली तपासणी वर्षभरात आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी करायची. मूत्रपिंडाचा आजार किंवा टॅमॉक्सिफेन असेल तर आधीपासूनच दरवर्षी. १०-२ फील्डवर (दृष्टिक्षेत्राच्या फक्त मधल्या भागाच्या तपासणीवर) थांबू नका. आशियाई पेशंटमध्ये इजा मॅक्युलाच्या (रेटिनाच्या मधल्या भागाच्या) मध्यापासून लांबही सुरू होते, म्हणून जास्त रुंद २४-२ किंवा ३०-२ फील्डही करा.

मुलांच्या मायोपियाचंही तसंच. २०१२ च्या ‘अ‍ॅटम-२’ अभ्यासानंतरची व्याख्यानं मायोपियाची वाढ मंदावणाऱ्या ०.०१ टक्के अ‍ॅट्रोपिनवर थांबतात. हाँगकाँगच्या ‘लँप’ अभ्यासात, ज्याचे पहिल्या वर्षाचे निष्कर्ष २०१९ साली आले, तपासलेल्या तीन तीव्रतांत ०.०५ टक्के सर्वांत परिणामकारक ठरलं.

९. औषध कंपनीने प्रायोजित केलेला वेबिनार ऐकावा का?

ऐकावा, पण डोळे उघडे ठेवून. स्लाइडवर औषधाचं मूळ नाव आहे की ब्रँड, तुलना नुसत्या प्लॅसिबोशी आहे की सध्या वापरात असलेल्या औषधाशी, आणि वक्त्याने आपले कंपनीशी असलेले संबंध सुरुवातीला सांगितले का, हे बघा. मधुमेही मॅक्युलर एडिमाच्या (मधुमेहाने मॅक्युलाला येणाऱ्या सुजेच्या) व्याख्यानात अफ्लिबरसेप्ट, बेव्हासिझुमॅब आणि रॅनिबिझुमॅब या तीन औषधांची तुलना करणारा २०१५ चा ‘प्रोटोकॉल टी’ अभ्यास नेहमी येतो. ६/१५ किंवा त्याहून कमी दिसणाऱ्यांत पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट सरस ठरलं, ही स्लाइड मोठ्या अक्षरांत असते. ६/१२ किंवा त्याहून चांगलं दिसणाऱ्यांत तिन्ही औषधं सारखीच ठरली, हा त्याच अभ्यासातला अर्धा भाग. तो गाळला गेला असेल तर प्रश्नोत्तरांत विचारा. आपल्या पेशंटच्या खिशाचा विचार करता स्वस्त बेव्हासिझुमॅबचं नावच न येणारं व्याख्यान अपुरं आहे. सिरिंज भरताना निर्जंतुकता पाळायची ही अट त्याच्यासोबत येतेच.

कंपनीकडून भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार घेण्यावर २००२ च्या नियमांतल्या कलम ६.८ ची बंदी आहे. मार्च २०२४ च्या औषध विपणन संहितेनुसार कंपन्यांना परदेशात सीएमई भरवता येत नाही. नावनोंदणीसोबत येणारं ‘गिफ्ट व्हाउचर’ नाकारा.

१०. नुसते व्हिडिओ बघून शस्त्रक्रियेचा हात बसतो का?

नाही. व्हिडिओने डोळा तयार होतो, हात नाही. तरी बघायची एक रीत आहे. एकदा आवाज बंद करून बघा. ऱ्हेक्सिसच्या (भिंगाच्या पुढच्या कॅप्सूलला गोल छेद देण्याच्या) जागी वेग ०.५ वर आणा आणि फ्लॅप कुठे पकडला, किती वेळा पकड बदलली, ओढ कोणत्या दिशेला होती हे कागदावर काढा. कोपऱ्यातली वेळ बघा. ती मध्येच उडी मारत असेल तर अवघड भाग कापलेला आहे, आणि शिकायचं नेमकं तिथेच होतं. म्हणून गुंतागुंत झालेल्या केसचे, न कापलेले व्हिडिओ शोधा.

मग बकऱ्याच्या डोळ्यावर सराव करा. डोळे त्याच दिवशीचे हवेत, शिळ्या डोळ्याचं बुबुळ सुजून धुरकट होतं. बर्फाच्या डब्यात आणा, गोठवू नका. कोवळ्या बकऱ्याचं भिंग थंडीने पांढुरकं दिसलं तर घाबरू नका, कोमट झालं की निवळतं. त्याची बाहुली आडवी असते आणि कॅप्सूल माणसाच्या कॅप्सूलपेक्षा जाड व ताणली जाणारी असते. त्यामुळे तिथे जमलेली ऱ्हेक्सिस पेशंटवर लगेच जमेलच असं नाही. या सरावाची उपकरणं कायमची वेगळी ठेवा. ती थिएटरमध्ये परत न्यायची नाहीत.

११. तालुक्याला नेट अधूनमधून जातं. कमीत कमी काय लागतं?

स्थिर ३-४ एमबीपीएस पुरतं. तासाला साधारण १ ते १.५ जीबी डेटा धरा. वायफायपेक्षा राउटरमधून थेट केबल जोडा. स्वतःचा कॅमेरा बंद ठेवला तरी भार कमी होतो, पण आयोजकांनी कॅमेरा सक्तीचा केला आहे का ते आधी बघा. इन्व्हर्टरवर राउटरही आहे ना, याची खात्री करा. लॅपटॉप चालू आणि राउटर बंद हे लोडशेडिंगमध्ये नेहमी होतं.

नेत्रतज्ज्ञांसाठी खास सूचना : स्क्रीनचा रात्रीचा मोड बंद करा. तो निळा प्रकाश कापतो, त्यामुळे डिस्कचा (दृष्टीच्या नसेच्या टोकाचा) फिकटपणा कळत नाही आणि रेटिनावरचे पिवळे एक्झुडेट पार्श्वभूमीत मिसळतात. फंडसचे फोटो मोबाइलवर बघून मतचाचणीत उत्तर देऊ नका.

१२. वेबिनारमध्ये माझी केस सादर करायची आहे. पेशंटची ओळख कशी लपवायची?

२००२ च्या नियमांतलं कलम ७.१७ सांगतं की ओळख पटेल अशा रीतीने पेशंटचे फोटो किंवा केस परवानगीशिवाय प्रसिद्ध करायची नाही. आम्ही तरी प्रत्येक केससाठी मराठीत लेखी संमती घ्यावी असंच सांगू, कारण वेबिनारचं रेकॉर्डिंग पुढे कुठे जाईल ते आपल्या हातात राहत नाही.

चुका ठरलेल्या जागी होतात. ओसीटीच्या (रेटिनाच्या स्कॅनच्या) प्रिंटवर वरच्या कोपऱ्यात नाव आणि जन्मतारीख असते. व्हिडिओच्या फाइलचं नावच पेशंटचं असतं आणि स्क्रीन शेअर करताना ते सगळ्यांना दिसतं. सर्वांत फसवी चूक पॉवरपॉइंटमध्ये होते. चित्र क्रॉप केलं तरी कापलेला भाग फाइलमध्ये तसाच राहतो आणि स्लाइड मिळालेला कोणीही तो परत उघडू शकतो. चित्र कॉम्प्रेस करताना कापलेले भाग काढून टाकायचा पर्याय निवडा, किंवा आधीच कापलेला स्क्रीनशॉट चिकटवा.

१३. ऑप्टोमेट्रिस्टना हे कार्यक्रम चालतात का?

शिकण्यासाठी जरूर बसवा, विशेषतः रिफ्रॅक्शन, मायोपिया आणि फील्डच्या सत्रांना. मेडिकल कौन्सिलचे पॉइंट मात्र तिच्याकडे नोंदणी असलेल्या डॉक्टरांनाच लागू होतात. ऑप्टोमेट्रिस्ट २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याखाली येतात.

१४. ऐकताना पटतं, पण आठवड्यात विसरायला होतं. काय करावं?

वेबिनार चालू असतानाच एकच वाक्य लिहा : उद्यापासून मी काय वेगळं करणार. मग त्या विषयाचे आपलेच मागचे २० केसपेपर काढून तपासा. आठव्या प्रश्नातलं उदाहरण असेल तर हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या किती पेशंटचं वजन पेपरवर लिहिलं आहे ते मोजा. बहुतेक नेत्र-ओपीडीत वजनकाटाच नसतो, म्हणजे पहिलं काम तो आणून रिसेप्शनजवळ ठेवण्याचं. तीन महिन्यांनी परत २० पेपर मोजा.

१५. नूतनीकरणाला दोन महिने राहिलेत आणि पॉइंट कमी आहेत. आता?

आधी कौन्सिलच्या पोर्टलवर खरोखर किती जमा आहेत ते बघा, आठवणीवर जाऊ नका. हजेरी लागूनही न दिसणारे पॉइंट असतील तर चौथ्या प्रश्नाप्रमाणे आयोजकांना प्रमाणपत्रासह मेल करा. उरलेल्यासाठी लगतच्या आठवड्यांतले मान्यताप्राप्त कार्यक्रम शोधा आणि प्रत्यक्ष परिषदेला प्राधान्य द्या, एका परिषदेत दोन-तीन वेबिनारइतके पॉइंट निघू शकतात. कार्यक्रम संपल्यापासून पॉइंट खात्यात दिसेपर्यंत वेळ जातो, म्हणून शेवटचा कार्यक्रम मुदतीच्या किमान महिनाभर आधीचा धरा. दुसऱ्याला आपल्या नावाने लॉगिन करायला सांगू नका. त्याच वेळी तुम्ही थिएटरमध्ये होता हे तुमच्याच ओटी रजिस्टरमध्ये लिहिलेलं असतं.